नईम, तुहे ड्रम सरळ करून राह्यले लोक

नईम, अबे, पहिले हे ऐक. पुण्याच्या त्या रेकॉर्ड-लेबलवाल्यानं तुहे ड्रम दुरुस्त केले. दुरुस्त! मूर्तिजापूरच्या बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या शेडमधी, चहूकडून जुन्या गाद्या टांगून, लाइट असे तेवढ्या वेळात तुम्ही जे रेकॉर्ड केलं, ते त्यानं कंप्युटरवर घेतलं अन् तुहा एकूण एक ठोका ओढून-ओढून घड्याळाच्या रेघेवर बसवला. मले फाइल पाठवली, अन् सोबत लिहिलं, 'ड्रमर जरा मागे राहत होता, आता टाइट झालंय.' जरा मागे राहत होता! तुह्या कबरीची माती वाळली नाही, अन् हे पोट्टं तुले वेळेवर यायले शिकवून राह्यलं.

तुहा चाळिसावा दिवस अजून व्हायचाच आहे. त्याच्या आत हा अल्बम कोणता बाहेर जाईन हे ठरवायचं होतं: तू वाजवलेला, का त्यानं इस्त्री केलेला. अन् भांडण तेवढ्यापुरतं राह्यलं नाही, पण ते पुढं सांगतो. माहं डोक्स फिरलं आहे, म्हणून आधी जे तुले कबूल केलं होतं ते करतो. तू म्हणे ना, 'वकिलाच्या पोरा, रेकॉर्ड झाली की पहिला रिव्ह्यू तुहा. दोस्ती चुलीत घाल अन् लिव्ह.' घे मंग.

आपल्या झेरॉक्सच्या अंकाचा कायदा तुले ठाऊकच आहे, तूच केला होता. अल्बम शेवटच्या गाण्यापासून ऐकायचा. मार्केटातला व्यापारी गाडीच्या वरचा पांढराशुभ्र कापूस पाहत नाही, बाह्या वर करून खांद्यापर्यंत हात खुपसते अन् तळातला मूठभर काढते. बँडवालेही तसेच, म्हणे तू, चांगला माल वर अन् किडकी कवडी खाली. मराठीत डेथ मेटलचं परीक्षण लिहिणारे आपण दोघंच, अन् वाचणारेही जवळपास तेवढेच. तरी अमरावतीहून निघालेला अंक एसटीच्या कंडक्टरच्या हाती अकोल्याले तुह्यापर्यंत अन् परतवाड्याले तुह्या गिटारवाल्या संज्यापर्यंत बराबर पोचे.

तर तुमचा अल्बम 'फाटक', तळापासून. शेवटचं गाणं 'शकुंतला'. मूर्तिजापूरच्या त्या छोट्या रेल्वेगाडीवरचं. लांब आहे, नईम. लय लांब आहे. मी तुले शेडमधीच म्हटलं होतं, मधली दोन आवर्तनं काप, ऐकणारा झोपते. तू स्टूलावरून उठलाही नाही. 'शकुंतलेले कोणाच्या बापानं लवकर पोचवलं काय बे? ज्याले घाई आहे त्यानं एसटीनं जावं.' मी म्हटलं, ही अक्कड आहे, संगीत नाही. तू म्हटलं, तू मास्तर आहे, कानाचा माणूस नाही. संज्या मधी पडला म्हणून थांबलो. ते भांडण तसंच राह्यलं आहे. काल परत ऐकलं, अन् अजूनही सांगतो, दोन आवर्तनं जास्त आहेत. तू मेला म्हणून ती कमी होत नाहीत.

त्याच्या आधीचं 'भारनियमन'. रिफ ऐन भरात आलेला, संज्याची गिटार खाली-खाली उतरत चाललेली, अन् खट्ट, सगळं बंद. काहीच नाही. ऐकणाऱ्याले वाटावं मशीन गेलं. मंग नुसते तुहे पाय, दोन्ही पायांचे जड ठोके, अंधारात कोणी जिना उतरून राह्यलं असे. पहिल्यांदा मी याले करामत म्हटलं होतं. आता वाटते, अल्बममधी यापेक्षा भारी जागा नाही. 'सरकी' मात्र साधारण. संज्याचा आवाज त्यात चांगला लागला नाही. एरवी मोबाइलचं रिचार्ज मारून देताना 'ताई, नंबर सांगा बरं' म्हणणारा हा मवाळ माणूस माइकसमोर कुठून ती गुरगुर आणते देव जाणे. पण 'सरकी'त नुसता ओरडला.

अन् पहिलं गाणं, 'सत्तेचाळीस'. आपल्याकडच्या मे महिन्याचा आकडा. संथ, रुंद, जुन्या चालीचं डेथ मेटल, कसलीच सजावट नाही. गिटारचा एकच जाडाभरडा रिफ फिरून-फिरून येते अन् तू त्याच्या मागं, अगदी केसभर मागं. मान आपोआप हालते. ग्रूव्ह, ग्रूव्ह म्हणतात ते हेच. दुरुस्त केलेल्या फाइलीत तेच गाणं ऐकलं. रिफ तोच, ठोके तेच, सगळं जिथल्या तिथं. मान हालली नाही. पिठाची गिरणी चालू आहे, बस्स.

त्या पोट्ट्याले मी फोन केला. म्हटलं, भाऊ, तो मागं राहत नव्हता, तो मागं ठेवत होता. तो हसला. म्हणे, 'सर, तुम्ही भावनिक होताय. ग्रिडवर नसेल तर बाहेरचे लोक ऐकत नाहीत.' आता त्याले काय सांगू? माह्या बहिणीची वरात सांगू? आमचे बाबा, भर कोर्टात टेबल आपटणारा माणूस, गुडघ्यानं पार कामातून गेलेला. ऑटोत बसा म्हटलं तं पेटले. 'पोरीच्या वरातीत मी पायी चालणार.' पुढं तुह्या अब्बांचा बँड, अब्बा तुतारीवर, तू ढोलावर. पोट्टे ओरडून राह्यले होते, 'अबे जोरात, जोरात!' अन् तू एकदा मागं वळून बाबांच्या पायाकडं पाह्यलं. कोणी सांगितलं नाही तुले. ढोल असा खाली आणला की नाचणाऱ्याइले कळलंही नाही, ते नाचतच राह्यले, पण अख्खी वरात बाबांच्या चालीनं चालली. राजकमल चौकातून मांडवापर्यंत बाबा कोणाचा हात न धरता आले. ते गेले तोवर हे सांगत होते, पोरीच्या वरातीत मी पायी चाललो म्हणून. माह्यासाठी ते उपकार आहेत, नईम. तुह्यासमोर कधी म्हटलं नाही, म्हटलं असतं तं तू चहाचं बिल माह्याकडं सरकवलं असतं.

तवापासून मले संथ ऐकता येते. त्याच्या आधी मी नुसता वेग ऐको, जेवढं सुसाट तेवढं चांगलं. माणसाच्या पायाकडं पाहून वाजवणाऱ्याचा ठोका केसभर मागंच पडते, कारण आधी पाऊल पडते मंग ढोल. हे त्याच्या रेघेत कुठी बसते? उंटावरून शेळ्या हाकणारे हे लोक. इथं कधी पाय ठेवला नाही, अन् आमची चाल चुकली म्हणतात!

पण एवढ्यावर थांबला असता तरी मी शिव्या देऊन गप्प बसलो असतो. मंग त्यानं कव्हर पाठवलं.

भेगा पडलेलं रान, सुकलेलं झाड, झाडाले फास, अन् फासाखाली ढोल. वर लिहिलं, 'विदर्भाच्या शेतकरीपुत्राचा अखेरचा आक्रोश.' मी दोनदा पाह्यलं. वाटलं दुसऱ्याच बँडचं आलं. फोन लावला.

'अरे, हे कोणाचं आहे?'

'नईमचंच. जबरदस्त झालंय ना?'

'त्याच्या घरी शेत नाही.'

'नाही? मामाकडे वगैरे असेल.'

'कोणाकडंच नाही. ते बँडवाले आहेत. अकोल्यात दुकान आहे त्याइचं, लग्नात वाजवतात.'

'सर, विदर्भ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट येते. आपण तिचा उपयोग करून घ्यायचा. नाहीतर परतवाड्याचा रिचार्जवाला अन् अकोल्याचा ढोलवाला, कोण ऐकणार?'

'त्यानं फाशी घेतली नाही बे!'

'आम्ही कुठे तसं म्हटलंय? ते प्रतीक आहे.'

प्रतीक! नईम, त्या प्रतीकानं काय केलं ऐक. त्यानं ते चित्र आधीच इंटरनेटवर टाकलं होतं. तिथून एका पेपरानं उचललं, कोणाले विचारपूस नाही, फोन नाही, अन् आतल्या पानावर दोन ओळी छापल्या: तरुण शेतकरी कलावंतानं जीवनयात्रा संपवली. तुले अर्धांगवायूही झाला छापलं असतं तं चाललं असतं, पण हे! तुमच्यात आत्महत्या म्हणजे काय आहे, हे मी तुले सांगू? तुह्या मोहल्ल्यात टपरीवर लोक अब्बांले विचारून राह्यले, 'चाचा, हमको तो लू लगी बोले थे.' कोणी म्हणे, मंग जनाजा कसा पढवला? ज्या माणसानं पोराले स्वतःच्या हातानं मिट्टी दिली, त्याले आता दाराशी उभं राहून पोरगा हराम मौत मेला नाही हे पटवून द्यावं लागते. चित्र काढणाऱ्याले याचा काय पत्ता? त्याले 'स्टोरी' पाहिजे.

अन् खरी स्टोरी तं कोणालेच नको. ही अशी दुष्काळी वर्षं आली की गावोगावची लग्नं आटली. ज्याइच्या घरी वाजतगाजत वराती निघत ते आता पोरगी सामूहिक विवाहात उरकतात. पंधरा-वीस नवरदेव एका ट्रॉलीत अन् समोर एक बँड. पहिले तुम्ही दुपारचं काम घेत नव्हते, उन्हं उतरल्यावरच निघत. मंग जे मिळन ते घ्यायले लागले. तुह्या मरणात शेतकरी आहे तो एवढाच, नईम, अन् तोही बिचारा मांडवात बसलेला. त्या दिवशी विवाह भरवणारे नेतेसाहेब यायचे होते. साहेब निघाले, साहेब फाट्यावर आले, साहेब पोचलेच. तवर वरात फिरवा. एक चक्कर झाली, दुसरी झाली. मांडवाले कूलर, स्टेजले पडदे, अन् तुम्ही अंगात लाल बनातीचे जाड लोकरी कोट घालून डांबरावर. मे महिना, अकोला. तिथंच तुले ऊन लागलं, तिथंच तू पडला. संज्या अन् मी या आयोजकावर एक लेख लिहून ठेवला होता, त्यात एकही शिवी मी सोडली नव्हती. फाशी घेतली म्हटलं की कसं, कोणीच दोषी नाही. नशीब, पाऊस, सरकार, म्हणा काही. पण उन्हात उभं करून वाजवून-वाजवून मारलं म्हटलं की कोणाचं तरी नाव घ्यावं लागते.

संज्या मात्र डगमगला होता. त्याले दोष देत नाही मी. म्हणे, 'विन्या, आपल्याच्यानं काय होईन? शंभर सीडी काढू अन् वाटू. तो हजारो लोकाइले ऐकवून राह्यला. फोटो खोटा असला तरी नईमचं नाव तं होईन.' मी म्हटलं, कोणाचं नाव? जो ठोका त्याचा नाही अन् जे मरण त्याचं नाही, त्याच्यावर त्याचं नाव? संज्या रडायले लागला. म्हणे, मंग अब्बाच सांगतीन. त्याइचा पोरगा आहे, ते म्हणतीन ते.

म्हणून परवा आम्ही अकोल्याले गेलो. तुमच्या दुकानात. कोट हँगरवर तसेच आहेत, तुहाही. अब्बांनी चहा मागवला. संज्यानं दोन्ही ऐकवलं, आधी तुहं, मंग सरळ केलेलं. मले वाटत होतं, अब्बा एका क्षणात ओळखतीन, उठून म्हणतीन हा माह्या पोराचा हात नाही. कशाचं काय! अब्बांनी कान चोळला. म्हणे, 'बेटा, मले तं दोन्ही सारखेच वाटतात. ये जानवर काहून ओरडून राह्यला?' संज्या बिचारा ओशाळला, जनावर तोच होता. तू असता तं जमिनीवर लोळला असता.

मंग मी कव्हर दाखवलं. अब्बांनी चष्मा लावला, बराच वेळ पाह्यलं, अन् कागद उलटा करून ठेवला.

'हे काढा,' म्हणाले. 'माह्या पोरानं फाशी नाई घेतली.'

'काढतो, अब्बा. अन् त्याच्या जागी खरं छापतो. त्या साहेबाचं नाव घालून छापतो. मी लिहून आणलं आहे.' मी खिशातून लेख काढला अन् वाचायले लागलो. अब्बांनी माह्या हातावर हात ठेवला.

'विनय बेटा, बँड कोण थांबवते, ठाऊक आहे?'

मले ठाऊक नव्हतं, नईम. इतकी वर्षं तुह्यासंग राहून ठाऊक नव्हतं. अब्बांनी सांगितलं. रस्त्यावर बँड कोणाच्याही सांगण्यावरून थांबत नाही. नवरदेवाचा बाप ओरडो, पोलिस ओरडो. बँडमास्टर पुढं असते, त्यानं हात वर केला की ढोल थांबते. ढोलवाला आपल्या मनानं हात काढत नाही. काढला तं मागचे सगळे फसतात. तुले हे अब्बांनी लहानपणी छडी मारून शिकवलं होतं.

'त्यानं मले आवाज देल्ला होता,' अब्बा म्हणाले. 'अब्बा, पानी. मी ऐकलं. तुतारी तोंडाले होती तरी ऐकलं. मले समोर गाडीची धूळ दिसून राह्यली होती. म्हटलं, आलीच गाडी, एक गाना और. मी मान हालवली, चालू ठेव म्हणून. त्यानं चालू ठेवलं.'

 बाहेर कोणाची फटफटी चालू होत नव्हती, तो किका मारत होता, अन् आम्ही तिघं तेच ऐकत बसलो.

'मंग काय छापू, अब्बा?'

'आधी माहं लिव्ह. मास्टर बाप होता. पोरानं पाणी मांगितलं. बापानं हात वर नाई केला. एवढं लिव्ह. मंग त्या साहेबाचं लिवायचं तं लिव्ह.'

मी म्हटलं, अब्बा, हे नाही छापता येत. लोक तुमाले काय म्हणतीन? तुम्ही बाप आहात. ते भडकले. आयुष्यात पहिल्यांदा माह्यावर भडकले. 'लोक आत्ताच म्हणून राह्यले, माह्या पोरानं स्वतःले मारलं! ते ऐकून मी गप्प बसू? माह्यासाठी त्यानं खोटं मरण घ्यायचं?' चष्मा काढून त्यांनी हँगरवरच्या कोटाच्या बाहीनं डोळे पुसले. तुह्या कोटाच्या.

संज्यानं तिथूनच पुण्याले फोन लावला. माहा मवाळ संज्या. म्हणे, 'भाऊ, आमची गाणी वापस करा. तुमचं काहीच नको. चित्र आजच्या आज उतरवा, नाहीतर मी स्वतः येतो.' अन् शेवटी जे बोलला ते माइकसमोरच्या आवाजात बोलला. तिकडून फोन कटला. संध्याकाळी चित्र उतरलं होतं. पेपरवाल्याकडं उद्या जाणार आहोत, अब्बांले घेऊन.

शंभर सीडी काढून राह्यलो. ठोके जसे तू वाजवले तसे. 'शकुंतला'ची दोन्ही आवर्तनं ठेवली, माह्या मनाविरुद्ध. कव्हरवर चित्रबित्र नाही, अब्बांनी सांगितली ती तीन वाक्यं आहेत, त्याइच्याच शब्दात. आयोजकावरचा आमचा लेख अंकात येईन, नावानिशी. हे सगळं मी करतो. केसकज्जा झाला तं वकिलाचं पोरगंच आहे.

पण कालपासून एक गोष्ट पचून नाही राह्यली. मी पुण्यावर चिडलो, पेपरवर चिडलो, त्या साहेबावर चिडलो. अब्बांवर चिडायचा प्रयत्न केला, तो माणूस स्वतःच स्वतःले रोज मारून राह्यला, त्याच्यावर काय चिडू? आता फिरून-फिरून राग तुह्यावर येते. तू माह्याशी एका आवर्तनासाठी तास-तास भांडे. कोणाच्या बापाचं ऐकत नव्हता तू. डोळ्यापुढं अंधारी आली होती, घसा सुकला होता, मांडवाची सावली दहा पावलांवर होती, अन् तू त्या एका मान हालवण्यावर वाजवत राह्यला. मोडली असती वरात. फसले असते मागचे. फेकायचा होता तो ढोल रस्त्यावर. अब्बांनी मारलं असतं छडीनं, मार खायचा होता. तू काहून नाही थांबला बे, नईम? काहून नाही थांबला?